ओ देणारी

सांगलीची गाडी वळणावर दिसली तेव्हा शिवांजलीच्या हातात पाहुण्यांच्या उप्पिटाचं पातेलं होतं, आणि मनात एकच गोष्ट होती. आज काहीही करून आत्याबाईंना लाँचमध्ये बसवायचं. गाडी कुणाची हे विचारायची गरज नव्हती. शेलवडीच्या घाटात इतका हॉर्न वाजवणारा माणूस तिच्या आतेदिराशिवाय, आप्पासोशिवाय दुसरा नव्हता. विश्रामबागेत दोन इमारती उभ्या केल्यापासून आप्पासोला वाटे, की समोरून येणाऱ्या म्हशीनंसुद्धा आपल्याला ओळखून बाजूला व्हावं. म्हशींचं मत वेगळं होतं.

गाडी वर यायला अजून अवकाश होता. तेवढ्यात ती उप्पीट घेऊन उतारावरच्या तंबूंकडं गेली. पाहुणे उठलेले होते. नेहमीसारखेच ते तंबूंच्या बाहेर, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून बसले होते. कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. खाली वैशाखातलं पाणी लांब मागं सरकलं होतं आणि तांबूस चिखलातून जुन्या शेलवडीची जोती वर आली होती. घरं साठ वर्षांपूर्वीच बुडाली. राहिली ती दगडी जोती, भैरवाच्या देवळाचा चौथरा आणि गावातून पूर्वीच्या नदीकडं उतरत जाणारी एक फरसबंद गल्ली. गल्लीचं दुसरं टोक कुणी पाहिलं नव्हतं, कारण ते पाणी आटलं तरी पाण्यातच राहायचं.

"वैनी," राजवर्धन म्हणाला, "आज मासं न्हाईत व्हय?"

हा राजवर्धन पुण्यात बाणेरला राहायचा, कसल्याशा परदेशी कंपनीत मोठ्या पगारावर होता, आणि शनिवार-रविवारसाठी म्हणून महिन्यापूर्वी आला होता. आल्या दिवशी त्यानं काटा-चमचा मागितला होता. आता तो उप्पीट बोटांनी गोळा करून खात होता. पाहुण्यांना गावाकडचं बोलून बघायची हौस असते, म्हणून शिवांजली पहिले काही दिवस हसली होती. मग हसू आपोआप बंद झालं.

"आमच्या परड्यात शेवगा हुता," तो पाण्याकडं बोट करून म्हणाला. "शेंगा अशा कवळ्या निघायच्या. म्हातारी डाळीत टाकायची."

तो दाखवत होता त्या जागी खरोखरच शेवगा होता. हे गावात फक्त तिच्या सासऱ्यांना आठवत होतं, तिनं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि त्यांनी ते कधी पाहुण्यांसमोर काढलं नव्हतं. शिवांजलीनं प्लेट त्याच्या हातात दिली. तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. राजवर्धनची बायको होती. ती रोज सकाळी करायची.

"ताई, निघाले का हो ते?"

"आज निघतील," शिवांजली म्हणाली. रोज ती हेच सांगायची आणि रोज तिला स्वतःची लाज वाटायची.

शेलवडीला बरकत आली होती, यात खोटं काही नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा या गावात कुलपंच जास्त होती. बाप्ये एक तर फौजेत, नाहीतर मुंबईला माथाडीत. होळीला दारं उघडायची, पाडव्याला पुन्हा लागायची. तिचा नवरा वीरधवल लोणंदच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा आणि महिन्यातून एकदा, पाव्हण्यासारखा घरी यायचा. मग तंबू लागले. मागोमाग लाँच आली, डांबर आलं, उंब्रजचा किराणावाला टेम्पो भरून माल पाठवू लागला. बायकांच्या गटाची नाचणीची भाकरी पुण्याच्या माणसांनी फोटो काढून काढून खाल्ली. बंद पडायला आलेली शाळा पोरांनी भरली. एक रात्र राहणारा पाहुणा चहा-जेवणापुरता असतो, पण चार दिवस राहिला की त्याला दळण लागतं, धोबी लागतो, न्हावी लागतो. या वर्षी तर गावात न्हावीसुद्धा परत आला, कारण पाहुणे जातच नव्हते. आधी सगळ्यांना आनंद झाला. धंदा म्हणतात तो याच गोष्टीला, असं वीरधवल म्हणायचा. परवा पहाटे त्यानं एका पाहुण्याला कमरेएवढ्या पाण्यात, गल्लीच्या वाटेवर शांत उभं असलेलं पाहिलं. तेव्हापासून तो काहीच म्हणत नव्हता.

गाडीतून आधी साक्षी उतरली. चप्पल गाडीतच ठेवून ती अनवाणी धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"आये, लय भूक लागलीया. काय हाय तुझ्या हातचं?"

"अगं, पातेलं सांडंल. सर."

"परीक्षा संपली. सामान समदं आणलंय. आता मी न्हाई जायची कुठं." ती सांगलीत आत्याआजीकडं राहून हॉटेलचं शिक्षण घेत होती. लाँच चालवायला तर ती आधीच शिकली होती.

शिवांजलीनं पातेलं खाली ठेवून लेकीला जवळ घेतलं. या घराण्यातल्या लेकी जायच्याच असतात, असं तिनं पहिल्या दिवसापासून ऐकलं होतं. तंबूचा पहिला खुंटा ठोकताना तिनं मनात एवढंच म्हटलं होतं, की माझी नाही जाणार. हे सगळं उभं केलं ते पाहुण्यांसाठी नव्हे, या एका पोरीसाठी. ती कुणाला हे बोलली नव्हती, पण साक्षीला ते न सांगताच कळलं होतं.

मागून अंबूबाई उतरल्या. शिवांजलीच्या सासऱ्यांची, नाथाजींची थोरली बहीण आणि आप्पासोची आई. तीन वर्षांत वाळून गेल्या होत्या. तंबूंच्या जमिनीवर कर्ज काढायचं म्हणून बहिणीची हक्कसोडीची सही घेतली, आणि त्या वर्षापासून त्या वैशाखात यायच्या बंद झाल्या होत्या. म्हातारी रुसली, असं सगळ्यांनी धरलं होतं. आज शिवांजलीनं स्वतः फोनवर रडून त्यांना बोलावलं होतं.

सोप्यात सगळे बसले तेव्हा पहिला आवाज अर्थातच आप्पासोचा लागला.

"मामा, एक पार्टी हाय पुण्याची. लय मोठी. पक्कं बांधकाम, खाली लायटिंग, आन् हाकेचा कार्यक्रम रोज. आईची वाटणी पुन्हा लावून घ्या, बाकीचं मी बघतो. आवं, पाहुणा एकदा येतो त्यात काय दम न्हाई. पाहुणा ऱ्हातोय, ही खरी कमाई. उंब्रजपातुर समद्यांचं दुकान त्येच्यावर चालतंय. आख्ख्या जिल्ह्यात असं कुठं न्हाई."

"ती राहत न्हाईत, भावजी," शिवांजली म्हणाली. "त्यास्नी जाता येत न्हाई."

"वैनी, तुमी बी काय."

"दादाला इचारा."

वीरधवल जमिनीकडं बघत बसला होता. आप्पासोला वाटलं होतं दादा आपल्या बाजूनं आहे, आणि परवापर्यंत तो होताही. "एकाला मी सोताच्या गाडीनं उंब्रजच्या स्टँडवर सोडून आलो," तो म्हणाला. "पुण्याच्या एसटीत बसवलं. तिकीट काढून दिलं. दुपारी चिखलात बसलेला दिसला. पायात चप्पल न्हवती. पायांचं पार सालटं गेलं हुतं."

अंबूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"नाथा, ओ कोण देतंय आता?"

नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, ताठ पाठीचा माणूस, पण थोरल्या बहिणीसमोर त्यांचा आवाज लहान व्हायचा. "पाहुणं देत्यात, आक्का."

"काय म्हणत्यात?"

"आमी हाय, म्हणत्यात."

"आन् तू ऐकून घेतोस."

"तू आली न्हाईस," नाथाजी म्हणाले. "पयल्या साली मी हाक मारली, आन् कुणी बोलंना. एक पोरगं हसत म्हणालं, आहोत की आम्ही. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दर रविवारी चालू झालं." ते थांबले. "आन् खरं सांगू का आक्का, मला बरं वाटलं. उभा जन्म त्या चिखलात उभं राहून हाक मारली, कवा कुणी हाय म्हणालं न्हाई. आता म्हणत्यात. कान निवत्यात."

"कान निवायला न्हवती ती हाक," अंबूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी साक्षीकडं बघून सांगितलं. बाकीच्यांना ते ठाऊक होतं, पण ठाऊक असलेली गोष्ट मोठ्यानं ऐकली की निराळी वाटते. पाणी चढायला लागलं तेव्हा गावातल्या प्रत्येक जोत्यावर उभं राहून त्यांच्या वडिलांनी हाक मारली होती. हाय का कोण मागं? माणसं तर केव्हाच डोंगरावर चढली होती. हाक होती ती मागं राहिलेल्यांना, ज्यांची मढी त्या मातीत गेली त्यांना. आणि हाकेला घरच्या लेकीनं लगेच म्हणायचं होतं, कोण न्हाई, समदी पुढं गेली. नवं लग्न झालेली अंबू तेव्हा माहेरी आलेली होती. जी आधीच घरातून गेली, तीच सांगू शकते की सगळे गेले, असं वडील म्हणाले. पुढं दर वैशाखात जोती उघडी पडली की एकदा हाक आणि एकदा ओ. म्हणजे कुणी मागं फिरत नाही.

"आन् तुमी काय केलंसा," त्या म्हणाल्या, "दार लावायची कडी परक्याच्या हातात दिलीसा. ज्यो हाय म्हणाला, त्यो तिथला झाला. ज्येचं जोतं रिकामं हुतं, त्यात जाऊन बसला."

"पाऊस आल्यावर?" साक्षीनं विचारलं.

"पाऊस आल्यावर ती घरला जात्याल."

घरला म्हणजे कुठं, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. शिवांजलीनं दारातून आभाळाकडं बघितलं. दोन दिवसांपासून महाबळेश्वरच्या अंगाला आभाळ भरून यायला लागलं होतं.

"मग आज तुमी ओ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "त्येच्यासाठीच बोलावलं."

"मला न्हाई देता यायची. मी सही केलीया."

"सहीचा राग आता..."

"राग न्हाई गं. घर ज्येचं, त्येनं म्हणावं आत कोण न्हाई म्हणून. रस्त्यानं जाणाऱ्यानं खिडकीतनं डोकावून म्हटलं तर कोण मानतंय? म्हणून आले न्हाई मी. येऊन गप उभी राहू व्हय?"

आप्पासो लगेच सरसावला. "तेच म्हणतोय मी. वाटणी परत लावा. उद्या वकील..."

"तुझा वकील पावसाला थांब म्हणंल का?" अंबूबाईंनी त्याला गप्प केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वाटणी असलेली लेक ह्या घरात आता एकच हाय."

साक्षी उंबऱ्यावर आंबा चोखत बसली होती. सगळ्यांचे डोळे आपल्याकडं वळले हे कळल्यावर तिनं मनगटावरचा रस पुसला.

"न्हाई," शिवांजली म्हणाली.

"मी बी न्हाईच म्हणतीया," अंबूबाई म्हणाल्या. "ओ देणारीचं घर सुटतं, शिवांजली. मी दिली तवा माझं लगीन झालेलं. सुटायचं ते निम्मं सुटलंच हुतं, जायला सांगलीला दुसरं घर हुतं. तरी त्या दिसापास्नं ह्या सोप्यात मी पावनी झाले. तुमी सही घ्यायला आलासा तवा गाव म्हणालं म्हातारीला वाईट वाटलं. मला काय बी वाटलं न्हाई. एवढंबी न्हाई. त्येचंच मग घरी जाऊन रडले."

शेवटी नाथाजींनीच निकाल दिला. हाक मारायची. आक्का ओ देऊन बघंल. कागद काहीही म्हणो, रक्त तर घरचं आहे. पाहुण्यांना तोंड उघडू द्यायचं नाही. साक्षीनं लाँचमधून उतरायचं नाही. नातीचं नाव घेताना त्यांची ताठ पाठ वाकली, आणि हाकेचा सोस सुटलेला माणूस कसा दिसतो ते शिवांजलीला पहिल्यांदा दिसलं. ती त्यांच्यावर चिडलेली होती, पण त्या क्षणी तिला त्यांची दया आली.

ऊन कलल्यावर लाँच निघाली. वीरधवल सुकाणूवर, साक्षी दोर सांभाळायला. पाहुण्यांना बोलवावं लागलं नाही. ते रांगेनं येऊन बसले, लग्नाच्या वऱ्हाडासारखे एकमेकांना जागा करून देत. कुणी सेल्फी काढली नाही. आप्पासो आपल्या पांढऱ्या बुटांकडं बघत होता. काठावर उतरताना त्यानं बूट काढले, आणि चिखलात पाय पडल्यावर त्याच्या तोंडावरची सगळी पार्टी उतरली.

पाहुणे आपापल्या जोत्यांवर जाऊन उभे राहिले. कुणी कुठं उभं राहायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. राजवर्धन नाथाजींच्या घराच्या शेजारच्या जोत्यावर गेला, पायरी होती त्या जागी पाय झटकला आणि मगच वर चढला. एका पुण्याच्या बाईनं रिकाम्या कोपऱ्यात बसून चुलीत फुंकावं तशी मान खाली घातली. वारा पडला होता. पाणी इतकं स्थिर होतं की गल्ली त्यात शिरते तिथं काठच दिसत नव्हता.

"कुणी बोलायचं न्हाई," वीरधवल मोठ्यानं म्हणाला. "हात जोडतो."

पाहुण्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

नाथाजींनी टोपी काढली. परेडचा आवाज लावला. "हाय का कोण मागं?"

"कोण न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "समदी पुढं गेली."

शब्द बरोबर होते. आवाजही खणखणीत होता. पण तो कुठं पोचला नाही. भरलेल्या एसटीत कुणीतरी कंडक्टरशी बोलावं आणि बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघत राहावं, तसं झालं. अंबूबाईंना ते कळलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा म्हटलं, आणि तोंडावर पदर घेतला.

"मी हाय की," राजवर्धन म्हणाला.

"आमी बी हाय," चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली. मग सगळीच म्हणाली, कुणी ओरडलं नाही, जेवायला बोलावल्यावर देतात तशी साधी ओ दिली. आणि ती सगळी निघाली. जोत्यांवरून खाली उतरून गल्लीला लागली. पावसाची वाट बघायची आता गरज राहिली नव्हती, असं त्यांच्या चालण्यात होतं.

वीरधवल धावला. आप्पासोही धावला, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. त्यानं राजवर्धनला कमरेला मिठी मारली. पण राजवर्धन जोर करत नव्हता, फक्त चालत होता, आणि त्याच्याबरोबर आप्पासोचे पाय चिखलातून घसरत निघाले. "थांबा," नाथाजी ओरडत होते. "थांबा म्हणतो." पहिली माणसं गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली, मग कमरेएवढ्या. पाण्यावर लाटसुद्धा उठत नव्हती.

शिवांजलीनं मागं वळून बघितलं. साक्षी लाँचमधून उतरली होती. चिखल तुडवत ती आपल्या घराच्या जोत्यावर चढत होती, ओढणी कमरेला बांधून, कामाला निघाल्यासारखी. तिनं आईकडं बघितलं. आईचा हात पोचेल एवढंच अंतर होतं. पोरीचं तोंड दाबता आलं असतं. शिवांजलीनं हात उचलला. तिला राजवर्धनच्या बायकोचा सकाळचा आवाज आठवला, आणि तिनं उचललेला हात तसाच ठेवला.

"कोण न्हाई," साक्षी म्हणाली. "समदी पुढं गेली."

ती मोठ्यानं बोललीसुद्धा नव्हती. पण कुठंतरी खूप मोठं दार ओढून घेतलं जावं तसं वाटलं, कानांना दडे बसले, आणि पाण्यावरून वारा सुटला. पाण्यातली माणसं थांबली. छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला राजवर्धन कमरेला मिठी मारलेल्या आप्पासोकडं बघून म्हणाला, "एक्सक्यूज मी, काय चाललंय?"

त्यानंतर फारच गडबड झाली. कुणाला थंडी वाजत होती, कुणी आपले बूट शोधत होतं, एक बाई रडत होती आणि का रडतेय ते तिला सांगता येत नव्हतं. लाँचमध्ये सगळे एकदम चार्जर मागायला लागले. राजवर्धननं वीरधवलच्या फोनवरून घरी फोन लावला आणि पलीकडून जो हंबरडा ऐकू आला त्यानं तो भांबावून गेला. तासाभरात तंबू रिकामे झाले. एकामागून एक गाड्या घाट उतरून गेल्या. न्हाव्यानं दुकानाच्या फळीवर बसून त्या जाताना बघितल्या. उंब्रजच्या किराणावाल्याचा उद्याच्या मालासाठी फोन आला, तो वीरधवलनं उचलला नाही.

शिवांजली मात्र आनंदात होती. ते तिनं मान्यच केलं असतं. पोरगी समोर धडधाकट होती, लाँचमधून उतरून घरापर्यंत चालत आली होती, माणसं वाचली होती. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, असं म्हणून तिनं चूल पेटवली. साक्षीला आवडतो तसा झुणका केला, पातळ भाकरी थापल्या. पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा तिनं हाक मारली, "साक्षे, ये गं. गरम हाय तवर."

चुलीपुढचा पाट रिकामाच राहिला.

ती बाहेर आली. साक्षी मांडवाखाली पाहुण्यांच्या टेबलाशी बसली होती. पाय जुळवून, पर्स मांडीवर घेऊन. घराकडं बघत होती, कौलांकडं, दारावरच्या तोरणाकडं, पडवीत टांगलेल्या कणसांकडं. चेहरा प्रसन्न होता.

"हितं का बसलीस?"

"इथं छान वारा येतोय," साक्षी म्हणाली. "चालेल ना तुम्हाला?"

शिवांजलीनं ताट आणून तिच्यापुढं ठेवलं. साक्षी सावकाश जेवली. भाकरी कशाची आहे, ते विचारलं. हे घर किती जुनं आहे, हंगाम कोणता चांगला असतो, तेही विचारलं. शिवांजली एकेक उत्तर देत गेली. नाथाजी पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. वीरधवल दोनदा पुढं आला आणि दोनदा मागं फिरला. अंबूबाई गाडीत जाऊन बसल्या होत्या, आणि साक्षीचं सामान, जे सकाळी उतरवलंच नव्हतं, ते गाडीतच होतं.

"जेवण खूप छान होतं," साक्षी उठत म्हणाली. "अगदी घरच्यासारखं."

तिनं पर्स उघडली आणि पाचशेची नोट काढून पुढं धरली. शिवांजलीचा हात वर येईना. साक्षी तशीच उभी राहिली, आपलं काही चुकलं का, अशा चेहऱ्यानं. ती अवघडली होती. गाडीची काच खाली झाली.

"घे, शिवांजली," अंबूबाई म्हणाल्या. "न्हाई घेतलीस तर पोरीला पुन्यांदा यायला लाज वाटंल."

शिवांजलीनं नोट घेतली. पदराला हात पुसला. पाहुण्यांशी बोलायची भाषा तिला येत होती, ती तिनं तोंडात आणली.

"पुन्हा याल ना?" तिनं विचारलं.

"बघू," साक्षी हसून म्हणाली, "सुट्टी मिळाली तर."